ताईने बदललेले शेवट

"तू मला फसवलंस, ताई! इतकी वर्षं फसवलंस!"

धाकटी दारातूनच ओरडली आणि ताईच्या हातातली इस्त्री जागीच थांबली. धाकटीला जन्मापासून दिसत नव्हतं. अंध मुलांच्या शाळेत ती शिक्षिका होती. आज वर्गात तिने ताईकडून ऐकलेली एक कादंबरी रंगवून सांगितली, शेवटी नायिकेला सुखरूप घरी आणलं… आणि चाचणीसाठी आणलेल्या बोलक्या संगणकाने तेच पुस्तक वाचताना त्या नायिकेला समुद्रात बुडवलं! पोरं खो-खो हसली. "बाई, तुमच्या पुस्तकात पाणी कमी होतं का?"

"किती पुस्तकांचे शेवट बदललेस?"

"दुःखाचे होते… ते सगळेच," ताई पुटपुटली.

आई गेली त्या वर्षी गोष्टीतल्या कुणाच्या मरणाने धाकटी तापाने फणफणली होती. तेव्हापासून ताईच्या तोंडून कुणी मेलं नाही! कॉलेज सोडून ती बहिणीची पुस्तकं वाचत राहिली, घसा बसेपर्यंत, जीव ओतून…

"अनुदान मिळालं की शाळेत हे संगणक येतील. ते तरी खोटं बोलत नाहीत! मग तुझ्या वाचण्याची गरज उरणार नाही."

ताई पुन्हा इस्त्री फिरवू लागली.

चार दिवस घरात अबोला. अनुदानाचा सरकारी ऑनलाइन अर्ज भरायच्या शेवटच्या संध्याकाळी धाकटी शाळेतला तो चाचणीचा संगणक घरी आणून बसली. कुठे काय भरायचं ते न सांगता तो नुसता "रकाना… रकाना…" म्हणत राहिला. मग चित्रातली अक्षरं ओळखा म्हणाला आणि गप्पच झाला.

"अंध मुलांसाठीचं अनुदान, आणि अर्ज डोळसांपुरता! काय एकेक डोकी आहेत!" धाकटी हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. आज अर्ज गेला नाही तर पोरांचं आणखी एक वर्ष वाया!

"सरक जरा," मागून ताई म्हणाली.

"जसंच्या तसं वाचशील?"

"हो गं बाई. यात कुणी मरत नाही."

ताई वाचू लागली, एका बोटाने टाइप करू लागली. शेवटचा प्रश्न आला: अनुदानाची गरज का आहे?

धाकटीने खुर्ची ताईजवळ ओढली. मग हळूच म्हणाली, "लिही… आमच्या मुलांना घरी वाचून दाखवणारं कुणी नाही. मला होतं. माझ्या बहिणीने त्यासाठी स्वतःचं शिक्षण सोडलं आणि ते कधी बोलूनही दाखवलं नाही. एका मुलाला शिकवायला घरातल्या दुसऱ्या मुलीचं शिक्षण सुटू नये, म्हणून हे संगणक हवेत."

बोटाची टकटक सुरू झाली, अडखळली, पुन्हा सुरू झाली.

"आता वाच."

"आमच्या मुलांना घरी वाचून दाखवणारं कुणी नाही… म्हणून हे संगणक हवेत."

"आणि मधलं?"

"ते कशाला गं सरकारला…"

"खोटारडी!" धाकटीने चाचपडत तिचा चेहरा ओंजळीत धरला. तो चिंब होता! "शेवट गोड करायचे ते माझ्यासाठी, आणि स्वतःला मात्र पुसून टाकायचं? मला माफ कर, ताई… पण लिही. एक अक्षरही गाळायचं नाही."

ताईने डोळे पुसले. धाकटी तिच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी राहिली, आणि ताई एकेक अक्षर मोठ्याने म्हणत स्वतःबद्दलचं ते वाक्य लिहू लागली.