दोन ओळींची जागा

सरोजिनीनं त्याचं वाक्य परस्पर सुधारून टाकलं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

औरंगपुऱ्यातल्या तिच्या टायपिंगच्या दुकानात साहेबराव प्रबंधाची पानं घेऊन आला होता. विषय, मोठ्या आतड्याचा कॅन्सर. 'गाठीतल्या पेशी जितक्या कमी मरतात, तितका रोगी धोक्यात,' असं त्यानं लिहिलेलं. सरोजिनीनं 'कमी'चं 'जास्त' केलं.

"मॅडम, माझा रोगीच उलटा केला की तुम्ही!" तो हसला. गालाला खळी पडली, आणि ती नको तितका वेळ बघत राहिली.

"पण... मरण चांगलं कसं?"

"बिघडलेल्या पेशीला 'आता मर' म्हणून सांगणारी जनुकं असतात. तीच बिघडली की पेशी ऐकतच नाय. ती तपासली की रोगी किती तग धरंल, अंदाज येतो."

मग रोज संध्याकाळी थोडी पानं, थोडा चहा, बऱ्याच गप्पा. शेवटी फक्त पहिलं पान उरलं.

"विद्यापीठाचं नाव?"

"कोरं ठेवा. बाबासाहेबांचं नाव लागल्याबिगर प्रबंध देणार नाय. माझ्या बापानं लाठ्या खाल्ल्यात त्या नामांतरासाठी."

प्रबंध नाही म्हणजे नोकरी नाही, आणि नोकरीशिवाय हा मागणी घालायचा नाही. "बाबांनी वाळूजचा इंजिनियर बघितलाय," ती हळूच म्हणाली. "संक्रांतीला होकार कळवणार. तोवर नाव लागेल? तुमचा अंदाज काय?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "शंभर रोग्यांचा सांगता येतो... एकट्याचा नाय."

तिला राग आला, रडूही आलं. पण नावाची शपथ मोडा, असं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

चौऱ्याण्णवची संक्रांत. बाहेर फटाके, घोषणा... साहेबराव धापा टाकत दुकानात शिरला.

"नाव लागलं! पण जुनंही मागं ठेवलंय, लांब झालं हो, एका ओळीत नाय मावायचं. पान परत टाइप करावं लागंल."

तिनं खणातून पान काढलं. कोरी जागा चांगली दोन ओळींची होती.

"तुम्हाला... नाव लागणार, माहीत होतं?"

"नाही. तुम्ही हटणार नाही, एवढा अंदाज होता. एकट्याच माणसाचा."

त्यानं पान हातात घेतलं. "आणि इंजिनियर?"

"बाबांना सकाळीच 'नाही' सांगून आले. घर डोक्यावर घेतलंय त्यांनी."

"सकाळी? बातमी तर आत्ता आली!"

"हो ना," ती म्हणाली, आणि त्याच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. "घे. गोड बोल."

'घ्या' म्हणायची सवय तिनं मुद्दामच मोडली होती.