बुटांच्या दोन जोड्या

उस्तिन्या मठात पीठ पोचवायला गेली होती. दुसऱ्या दिवशी मठाचा उत्सव, प्रसादाच्या पावांसाठी पीठ हवं होतं. आणि माशांसाठी तिचा नवरा नझार सकाळीच गोठलेल्या सरोवरावर जाळी ओढायला गेला होता. ती परत निघाली तेवढ्यात वारा उठला आणि भर दुपारी मठाचा घुमटही दिसेनासा झाला.

अशा वादळात किनाऱ्याच्या वेशीवरची घंटा वाजवत राहायची, ही गावाची जुनी रीत. बर्फावर वाट चुकलेला आवाजाच्या रोखाने घरी येतो. ज्याचं माणूस बाहेर, त्याच्या हाती दोर. मठातल्या म्हाताऱ्या फेओना माईने तो उस्तिन्याला दिला.

"घंटा नाव घेऊन बोलावत नाही, पोरी. सरोवरात जे जे आहे ते सगळं ऐकतं. कोणी आलं की आधी घंटेखालच्या तसबिरीपुढे क्रूसाची खूण करायला लाव. मगच दोर सोड."

उस्तिन्याला हे लहानपणापासून पाठ होतं. हात सोलवटले तरी ती दोर ओढत राहिली. जीव नुसता टांगणीला लागला होता. अखेर धुरकट बर्फातून एक वाकलेली आकृती आली. नझारचाच मेंढीच्या कातड्याचा कोट, आणि लोकरी बुटांवर तिने स्वतः शिवलेलं लाल ठिगळ. तिच्या जिवात जीव आला. दोर टाकून ती त्याच्या गळ्यात पडली. खूण-बिण कुठली आठवायला! त्याच्या अंगाला माशांचा नाही, गाळाचा वास येत होता. तो घराकडे चालू लागला.

"खूण केली का त्याने?" मागून माईने विचारलं.

"बोटं आखडलीत त्याची, माई. घरी करेल."

माईने दोर उचलला आणि पुन्हा घंटा वाजवू लागली. उस्तिन्याला म्हातारीचा रागच आला.

घरी तो बूट काढून भट्टीकडे तोंड करून बसला. पुढे ठेवलेल्या कोबीच्या साराला त्याने हात लावला नाही. बाहेर घंटा चालूच होती.

"मासे कुठे ठेवलेस?"

"...खाली."

"खाली कुठे?"

"थांबव ती घंटा," तो हळूच म्हणाला. "तो जवळ आलाय..."

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"उस्ते... उघड गं. हात गोठलेत..."

आवाज नझारचा होता. तिने धावत जाऊन अडसर काढला. वाऱ्याचा लोट आत घुसला, दिवा विझला. अंधारात कोणीतरी तिला घासून गेलं. आत आलं की बाहेर गेलं, तिला कळलं नाही. काडी किती तरी वेळ पेटेना.

दिवा लागला तेव्हा घरात एकच माणूस होता. भट्टीच्या उबदार ओट्यावरच्या बिछान्यात, भिंतीकडे तोंड करून.

"नझार...?"

"हं," तो झोपेत म्हणाला. अगदी नझारसारखाच.

भट्टीशी मात्र बुटांच्या दोन जोड्या होत्या. दोन्हींवर लाल ठिगळ, दोन्हींवर तिचाच टाका. एका जोडीखाली पाण्याचं थारोळं साचलं होतं. दुसरीवरचा बर्फ तसाच होता. उस्तिन्या उजाडेपर्यंत तिकडे बघत बसली. भट्टी रसरसत होती, तरी तो वितळला नाही.

सकाळी तो उठला. उत्सवाला उशीर होईल म्हणाला. बाकावर टेकला, पायांनी जरा चाचपलं, आणि बर्फ न वितळलेल्या जोडीत पाय घातले.