चौथ्या जागेवरचा भाऊ

शालिग्राम चौधरींचा यात फायदा काय होता, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे त्यांना उगाच कुणी दुष्ट म्हणायला नको. फायदा एवढाच, की एक फुकटची जागा वाया जाणार नव्हती.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. जळगावच्या दाणा बाजारात शालिग्रामनानांचं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. केळीवाल्यांची रीघ असायची. त्या वर्षी एका कंपनीनं आपल्या सगळ्यात जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना सहल लावली. तुर्कस्तानात, समुद्राच्या काठावर, अंताल्या नावाच्या गावाजवळच्या हॉटेलात. राहणं, खाणं, पिणं, पोहणं, सगळं त्यातच. सहकुटुंब. आणि कंपनीच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुलं.

नानांना मूल एकच होतं. कुमुद.

“मंग चौथी जागा रिकामी जाईन की!” नाना रात्रंदिवस हळहळायला लागले. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जाऊ दे. पण वजनकाट्याच्या पारड्यात उरलेले दाणेसुद्धा झटकून पोत्यात टाकणारा हा माणूस. त्यांनी शोध घेतला, आणि खानदेशातच सापडू शकतं असं उत्तर त्यांना सापडलं. यावल, रावेरकडच्या कुठल्याही गावात हाक मारा, एखादा तरी शालिग्राम चौधरी ओ देतो. अशाच एका, आता हयात नसलेल्या शालिग्राम चौधरींचा धाकटा मुलगा शेतकी पदवी घेऊन घरी बसला होता. मस्कतच्या नोकरीसाठी त्यानं पासपोर्ट काढला होता. नोकरी हुकली, पासपोर्ट राहिला. त्यावर नाव होतं, हेमराज शालिग्राम चौधरी.

झालं. कंपनीच्या कागदावर नानांना मुलगा झाला.

कुमुदला हा मुलगा जळगाव स्टेशनावर दिसला. फलाटावर गाडीची वाट बघत ती बॅगेवर बसली होती, तर समोर एक उंच पोरगा येऊन उभा. निळा शर्ट, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नाही, आणि डोळे असे, की बघताना आधी परवानगी मागतील.

“ही कुमुद,” नाना म्हणाले. “आन् कुमुद, हा हेमराज. आजपासून तुहा भाऊ.” आणि ते हमाल बघायला निघून गेले.

“नमस्कार,” तो म्हणाला.

“बहिणीला कुणी नमस्कार करतं का?”

“मग काय म्हणतात? मला बहीण नाही हो…”

“मलाही कुठे भाऊ आहे!”

“म्हणजे दोघंही नवशिके,” तो म्हणाला, आणि हसला.

कुमुदनं मान खाली घातली. चपलेचा पट्टा सुटला नव्हता, तरी तो लावत बसली. खरं तर तिचं नुकसान तिथंच सुरू झालं. कळायला मात्र समुद्र लागला.

हॉटेलची खोली बघून लताबाई, म्हणजे कुमुदची आई, दारातच थबकल्या. कुटुंबाला एक खोली! चार पलंग, एक मोठी खिडकी, खिडकीत समुद्र.

“अवं, एकाच खोलीत?” त्या नवऱ्याच्या कानात पुटपुटल्या. “जवान पोरगी आन् परका पोरगा?”

“परका कोठला? कागदावर तुहा पोरगा हाये. गुमान राह्य.”

लताबाई गुमान राहिल्या; पण पलंग सरकवून मधोमध आपला टाकला, आणि मोठी बॅग, शेवेचा डबा, लोणच्याची बरणी असा एक तटच उभा केला. घरून आणलेलं ते खाणं कुणी उघडलं नाही. कारण खाली जेवणघरात नाना सुटले होते. हातात हॉटेलचा प्लास्टिकचा पट्टा होता. तो दाखवला की काहीही मिळायचं. नाना कलिंगडाच्या फोडींचा डोंगर घेऊन यायचे, त्यावर पाव, त्यावर न ओळखता येणारी मिठाई.

“अहो, पोट तर आपलंच हाये ना?” लताबाई म्हणायच्या.

“पोट आपलं, पन माल त्याहीचा!”

त्या सहलीत धुळ्याचे झुलालशेठ होते आणि त्यांची बायको भागाबाई. मूळचे यांच्याच जातीचे, पण धंद्यापायी धुळ्यात जाऊन बोलण्याचालण्यानं पक्के तिकडचे झालेले. भागाबाई नऊवारीचा काष्टा सावरत वाळूत बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवायच्या.

“हाऊ तुना भाऊ का व माय?” त्यांनी पहिल्याच दिवशी कुमुदला विचारलं.

“हो,” कुमुद म्हणाली. पहिलं खोटं इतकं सोपं गेलं, की तिलाच नवल वाटलं.

मग खेळच सुरू झाला. चार लोकांत भाऊ-बहीण म्हटलं की ‘अरे-तुरे’ आलंच. “ए दादा, माझी टोपी दे ना!” “जा गं, स्वतः आण!” आणि दोघंच असले की दोघांची जीभ जड. “तुम्ही… पोहायला नाही गेलात?” “तुम्ही नाही गेलात ना, म्हणून…” सगळ्या जगात हे उलटं असतं. चोरून ‘तू’ म्हणतात आणि लोकांत ‘अहो’. यांची चोरीच वेगळी होती.

तो तिला पाण्यात पाय टाकायला शिकवायचा. लाट आली की ती त्याचा दंड धरायची. लाट गेली तरी धरून ठेवायची… मग आठवण आल्यासारखं सोडायची. किनाऱ्यावर भागाबाई कौतुकानं म्हणायच्या, “भाऊ भलता जपस बहीणले!” आणि लताबाई खाली बघून उगाच वाळू चाळायच्या.

एका संध्याकाळी लाकडी धक्क्यावर सगळे उभे असताना पावसाची बारीक सर आली. लोक छपराकडे पळाले. हे दोघं तिथंच राहिले, जणू ती सर दुसऱ्या कुणासाठी होती. पाणी करडं झालं होतं. कुमुदच्या बटा गालाला चिकटल्या होत्या, आणि हेमराजचा हात त्या बाजूला करायला उठून अर्ध्यात थांबला होता.

“जळगावला गेलो की नानांना एक सांगणार आहे,” तो म्हणाला.

“काय?”

“की माझा राजीनामा घ्या.”

“कशाचा?”

“भावाच्या नोकरीचा.”

कुमुदला हसू आलं. “आणि मग… पुढे काय करणार तुम्ही?”

“त्याच घरात दुसरी जागा आहे म्हणे. अर्ज करीन.”

“ती भरायची आहे, असं कोण म्हणालं?”

“म्हणजे… भरली आहे?”

ती समुद्राकडे बघत राहिली. थेंब पापण्यांवर होते, म्हणून बरं. कुठले ते कळत नव्हतं.

“रिकामीच आहे,” ती म्हणाली. “पण मुलाखत फार कडक असते हं.”

“तयारी करतोय ना. रोज…”

अर्ध्यात थांबलेला हात तेव्हा पोचला.

दोघांनाही त्या घटकेला वाटत होतं, अडचण ती काय? जात एक. कूळ वेगळं. मुलगा शिकलेला, मुलीच्या बापानंच निवडून आणलेला. खानदेशात इतकं सरळ जुळलेलं प्रकरण शोधून सापडायचं नाही.

शेवटच्या संध्याकाळी कंपनीचा कार्यक्रम होता. एकेका कुटुंबाला मंचावर बोलवून साहेब हार घालत होते. नानांच्या शेजारी हेमराजला बघून साहेब माइकवरच हसत म्हणाले, “चौधरीशेठ, मुलगा काही तुमच्यावर गेलेला नाही!”

साहेबांनी गंमत केली होती. पण खोटं पचवून बसलेल्या माणसाला गंमत कळत नाही. नानांना घाम फुटला. त्यांनी माइक हिसकावूनच घेतला.

“माझाच मुलगा हा! हेमराज! आईवर गेलाय… माझ्यामागं दुकान, गादी, सगळं याचं! आन् ही त्याची बहीण, कुमुद. राम-लक्ष्मणासारखी वाढली दोघं!”

राम-लक्ष्मणात बहीण कुठली, हे कुणी विचारलं नाही. टाळ्या पडल्या. नानांनी एका हाताखाली कुमुदला, दुसऱ्या हाताखाली हेमराजला ओढलं. फोटोवाल्यानं दिवा चमकवला. फोटोत लताबाई डोळे मिटून आल्या आहेत.

तो फोटो कंपनीला फार आवडला. इतका, की तिनं नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर छापला. ‘आमचा परिवार’. रावेर, भडगाव, एरंडोल, शिरपूर. जिथं म्हणून औषधाचं दुकान, तिथल्या भिंतीवर नाना दोन्ही लेकरांना कवेत घेऊन उभे राहिले. जळगावात शेजाऱ्यांनी विचारलं, तेव्हा नानांनी आणखी एक थर चढवला. “चुलतभावाचा पोरगा. बापामागं आम्हीच पोटचा मानला.”

गावाकडची रब्बीची पेरणी उरकून हेमराज कुमुदचा हात मागायला आला, तेव्हा कॅलेंडर दुकानातही लागलं होतं. त्यानं सगळं नीट सांगितलं. नाना काट्याची वजनं पुसत ऐकत राहिले.

“खरं सांगू बेटा?” शेवटी ते म्हणाले. “तू मले पसंत हायेस. तुह्यासारखा जावई शोधून भेटत नाही. पन…” आणि त्यांनी भिंतीकडे नुसती मान वळवली.

“नाना, खरं सांगून टाकू. कंपनीला फसवलं, चूक झाली.”

“एजन्सी जाईन. जाऊ दे, तेही सोसलं असतं म्यां.” हे ते म्हणाले खरे; पण सोसलं नसतं, हे दुकानामागच्या घराच्या दाराआड उभ्या कुमुदला ठाऊक होतं.

खरं उत्तर लताबाईंनी दिलं. त्या आतून आल्या आणि हेमराजकडे न बघता बोलल्या. “तू भाऊ नव्हता असं आज आम्ही सांगितलं, तर लोक काय इचारतीन? मंग तो कोन होता? परका पोरगा हप्ताभर पोरीच्या खोलीत कसा काय झोपला? मी मधी झोपले व्हते, हे मी कोनाकोनाले सांगत फिरू रे बाप्पा?”

“मी सांगेन,” कुमुद बाहेर येत म्हणाली. “माझं नाव गेलं तर जाऊ दे, आई. मला नको ते नाव.”

“तुले नको. पन तुह्या नावाले आमचंही नाव बांधलेलं हाये.”

नानांनी डोळे पुसले. रडले ते खरेच. पण कॅलेंडर काही काढलं नाही.

दोन दिवसांनी कुमुद मेहरूण तलावावर त्याला भेटली. भर दुपार, पाणी खाली गेलेलं, काठावर नुसता चिखल वाळून तडकलेला. इथं मात्र तिनं ‘तुम्ही’ म्हटलं नाही.

“चल,” ती म्हणाली. “कुठेही. आज.”

तो काठावर बसला, तीही बसली.

“मुलगी कुणाबरोबर पळून गेली, तर लोक चार दिवस बोलतात,” तो म्हणाला. “मग विसरतात. आईबापही घरात घेतात. पण आपण गेलो, तर लोक काय म्हणतील… ठाऊक आहे ना?”

तिला ठाऊक होतं. ते शब्द त्यानं उच्चारले नाहीत, तिनंही नाहीत. काठावर बसलेल्या दोघांच्या मध्ये ते तसेच येऊन बसले, लताबाईंच्या पलंगासारखे.

“भित्रा आहेस तू,” ती म्हणाली.

“आहे,” तो म्हणाला. “तुझ्यासाठी आहे. माझ्यासाठी असतो, तर तुला सोपं गेलं असतं.”

ती उठली नाही, तोही उठला नाही. ऊन उतरेपर्यंत दोघं त्या तडकलेल्या चिखलाकडे बघत राहिले. तिनं आणखी एकदा “चल” म्हटलं असतं, तर तो कदाचित उठला असता. ते तिलाही कळत होतं. म्हणूनच ती म्हणाली नाही.

माघ लागला, आणि धुळ्याहून भागाबाई स्वतः मागणी घेऊन आल्या. मुलगा वाल्मीक, दुकान सांभाळणारा, साधा, निर्व्यसनी. चौकशी करायची गरज त्यांना वाटलीच नव्हती.

“पोर मी समुद्रवर देखेल शे,” त्या म्हणाल्या. “भाऊसंगे कशी मर्यादामां ऱ्हाये! आते चौकशी कसाले करानी? बठ्ठं आवडनं आम्हले.”

कुमुद हो म्हणाली. नाही म्हणायला जे कारण होतं, ते सांगण्यासारखं नव्हतं.

लग्न धुळ्याला. हेमराज येणार नव्हता. पण भागाबाईंनी दहादा विचारलं, नवरीचा भाऊ कुठे आहे, आणि मुलीकडच्यांनी त्याला गावाहून बोलावून आणलं. तो तोच निळा शर्ट घालून आला नव्हता. पांढऱ्या, नव्या, कडक कपड्यात आला होता, आणि मांडवाच्या खांबाजवळ उभा राहिला होता.

“मुलीचे बंधू, पुढे या,” भटजी म्हणाले. “लाह्या घाला.”

तो आला. कुमुदनं ओंजळ पुढे केली. तो तिच्या ओंजळीत लाह्या घालत होता आणि ती त्या आगीत सोडत होती. दरवेळी थोड्या लाह्या खाली सांडत होत्या. “भाऊना हात कापस!” भागाबाई मागून हसल्या. “बहीण परघर जाई ऱ्हायनी ना!” आजूबाजूच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

मग कानपिळी. नवरदेवाचा कान पिळायचा मान मेहुण्याचा. हेमराजनं कान धरला. इतका हळू, की वाल्मीकलाच गंमत वाटली. “पिळा हो मेहुणे, लाजू नका! सांगा, काय पाहिजे? आज मागाल ते देतो!”

सगळा मांडव हसत त्याच्याकडे बघू लागला. कुमुदही. तेवढाच एक क्षण.

“काही नको,” हेमराज म्हणाला.

“असं कसं! काही तरी घ्यावंच लागतं!” म्हणून वाल्मीकनं शर्टाचं कापड त्याच्या हातात ठेवलं, वर टोपी, वर नारळ.

आता कुणाला काय मिळालं ते बघू. नानांची एजन्सी राहिली. लताबाईंच्या लेकीच्या नावाला बोट लागलं नाही. भागाबाईंना हवी तशी सून मिळाली, वाल्मीकला चांगली बायको मिळाली, आणि हेमराजला शर्टाचं कापड. किंमत कुणी मोजली, हे त्या मांडवात दोघांनाच ठाऊक होतं. आणि मोजणं अजून संपलं नव्हतं. निरोपाची वेळ आली, तेव्हा भागाबाईंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला, “भाऊना पाय पड व माय,” म्हणाल्या, आणि कुमुद सगळ्यांच्या देखत वाकली आणि त्याच्या पाया पडली.