कोरा प्लग

काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं आणि पोलीस जमादार पुंडलिकरावांच्या खिशातला फोन थरथरला. ड्यूटी नसली की आर्णीतलं एकही कीर्तन ते चुकवत नसत. टाळकऱ्यांच्या ओळीत त्यांची जागा ठरलेली, शेजारी मंदार. आज मंदार डोळे मिटून गात होता, टाळ मात्र गळ्यात नुसते लोंबत होते. पुंडलिकरावांनी फोन ऐकला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मंदारचे वडील गेले होते.

कमलाकरपंत तीन वर्षं ऑक्सिजनच्या मशीनवर जगत होते. आज सकाळी अकरापासून वीज बंद राहणार, हे गावाला आधीच ठाऊक होतं. घरी त्यासाठीच जनरेटर होता. तो सुरूच झाला नाही. रजनीबाई एकट्या दोरी ओढत राहिल्या. तळहात सोलले, आणि डोळ्यांसमोर नवरा मासोळीसारखा तडफडून गेला.

पुंडलिकरावांनी पंचांसमोर जनरेटरचा स्पार्क प्लग काढला. चकचकीत, टोकाची चिनीमाती पांढरीशुभ्र, पण तडकलेली. वरची अक्षरं नखानं खरवडताच निघाली. नकली माल.

कालच जनरेटर दुरुस्त केला होता बशीरभाईनं. तासाभरात लोकांनी त्याच्या दुकानाचं शटर फोडलं आणि बशीर कोठडीत गेला.

"नकली कायले टाकला?"

"जमादारसाहेब, तीस वर्षं झाले, मी डब्बा गिऱ्हाईकासमोरच फोडतो. अक्षर नखानं निघते का, मंदारभाऊलेच पाह्यले लावलं." बशीरनं प्लग उजेडात धरला. "हा माहा नाही. अन् हा तर एक खेपही जळला नाही."

पुंडलिकराव पंचांना घेऊन थेट मंदारच्या घरी गेले. बशीर गेल्यावर जनरेटर कोणी चालवला होता, असं त्यांनी रजनीबाईंना विचारलं.

"आज सकाळी मंदारनंच. अर्धा घंटा. म्हणे, आई, पाह्यून घे, बाबाची काळजी नको करू. मस्त चालला. मंग मी आंगोळीले गेली."

पुंडलिकराव मंदारकडे वळले. "उजवा हात दाखव."

अंगठा आणि शेजारच्या बोटावर टम्म फोड होते.

"चहा सांडला, काका."

"चिमटीतच बरा सांडला." पुंडलिकराव त्याच्यासमोर बसले. "अर्धा तास चाललेल्या प्लगचं टोक काळपट पडते. इंजिनातून निघाला तो कोरा. म्हणजे सकाळी चालला तो वेगळा होता. आई न्हाणीत होती तेवढ्यात तू बदलला. इंजिन थंड व्हायची वाट पाहायला वेळ नव्हता. मेकॅनिक तापलेला प्लग चिमटीत धरत नाही, तू धरला. म्हणून आज टाळ वाजले नाहीत. तेव्हा तर मला फोनही आला नव्हता."

खुंटीवर टाळांची पिशवी होती. पुंडलिकरावांनी ती पंचांसमोर उलटी केली. आतून प्लग पडला. टोक काळपट, अक्षरं नखानं हलली नाहीत.



"तीन वर्षं ते मशीन घुरघुरून राह्यलं," मंदार म्हणाला. "एक रात्र झोप नाही."

रजनीबाईंनी सोललेले तळहात पदरात झाकून घेतले.

"शेवटपर्यंत एकच म्हणत होते," त्या म्हणाल्या. "मंदारले बोलाव. त्याले चालू करता येते."