आखूड दांडीचा बेस

दुधाच्या पातेल्यात गिटारच्या तारा उकळत होत्या!

दवाखान्यातली दिवसपाळी संपवून सुनिता घरी आली, पर्स खुर्चीवर टाकून चहाचं आधण ठेवायला ओट्याशी गेली आणि तिथंच थबकली. पातेल्यात काळपट पाणी रटरटत होतं, चार जाड तारा वेटोळं घालून तळाशी पडल्या होत्या आणि वर करडा तवंग तरंगत होता... कुणाकुणाच्या बोटांचा घाम, तेल, मळ! परिचारिका म्हणून तिनं आयुष्यभर जखमा धुतल्या होत्या, उलट्या पुसल्या होत्या. लोक नाकाला पदर लावतात अशा खाटांशी उभं राहून ती सहज डबा खाऊ शकायची. पण स्वतःच्या स्वयंपाकघरात परक्या माणसाचा मळ शिजताना पाहून तिनंच नाकाला पदर लावला.

योगेंद्र, तिचा धाकटा भाऊ, हात पुसत आतून आला. तारा जुन्या झाल्या की त्यांचा आवाज मरतो, उकळल्या की पुन्हा जीव धरतो, आणि एवढ्या आखूड तारा जळगावात नव्या मिळत नाहीत, असं काहीसं तो सांगू लागला. ते सांगताना त्याच्या चेहऱ्यावर अपराधाची रेघसुद्धा नव्हती. ठिबकच्या पाइपांच्या कारखान्यात नोकरी, आणि उरलेला सगळा वेळ जाड तारांच्या, खर्जात घुमणाऱ्या बेस गिटारी! त्या विकत आणायच्या, वाजवायच्या, दुरुस्त करायच्या आणि मन भरलं की कुणाशी तरी अदलाबदल करून दुसरी घरी आणायची, हा त्याचा छंद. रविवारी घरात अनोळखी माणसं यायची. बूट घालूनच सोफ्यावर बसायची, दांडी डोळ्यांसमोर धरून एक डोळा मिटून बघायची, लाकडाचा वास घ्यायची. बैलबाजारात जनावराचा जबडा उघडतात त्याची सुनिताला आठवण व्हायची आणि तिला शिसारी यायची. योगेंद्रला बघायला आलेली एक मुलगी तर पलंगाखालून चार गिटारी निघालेल्या पाहून परत फिरली होती.

"कोणाच्या आहेत या तारा?" तिनं विचारलं.

धुळ्याच्या रतिलालकडून एक लहान बेस बदलून आणलाय, त्याच्या, असं तो म्हणाला. बदल्यात काय दिलं, या प्रश्नावर मात्र त्यानं गॅस बारीक केला आणि मान खाली घातली.

सुनिता तशीच आतल्या खोलीत गेली. खाटेवर तिचे वडील नाना पडले होते, डोळे उघडे, तोंड डाव्या बाजूला किंचित ओघळलेलं. त्यांच्या डोक्यावरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती, शेजारी आईचा फोटो होता, आणि त्याच्या शेजारी... नुसता खिळा!

नानांचा बेस त्या खिळ्यावर असायचा. दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला असताना नानांनी वसाहतीतल्या मित्रांना जमवून भीमगीतांची पार्टी उभी केली होती. पेटी-ढोलकीच्या त्या पार्टीत बेस गिटार आणणारे नाना पहिलेच. जयंतीच्या दिवसांत भुसावळपासून भडगावपर्यंत त्यांचे कार्यक्रम व्हायचे. लहानपणी सुनिता मंचाच्या कडेला झोपी जायची आणि नाना एका खांद्यावर तो लाकडी धोंडा आणि दुसऱ्या खांद्यावर तिला घेऊन घरी यायचे. पुढं आई गेली, योगेंद्र तेव्हा नुकता शाळेत जाऊ लागला होता, आणि सुनितानं स्वतःचं सगळं आयुष्य त्या एवढ्याशा जिवाभोवती गुंडाळून टाकलं. भडगावच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं होतं, चांगला माणूस होता, दोनदा येऊन गेला. योगूला कोण बघेल, असं म्हणून तिनंच नकार कळवला होता. त्याबद्दल तिनं कधी कुणापाशी तक्रार केली नाही. पण त्यागालाही कुठंतरी एखादी खूण हवी असते हो! तिच्यासाठी ती खूण म्हणजे भिंतीवरचा तो बेस होता. या घरात एकेकाळी सुख नांदत होतं, याची तेवढी एकच साक्ष उरली होती.

गेल्या वर्षी नानांना लकव्याचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला, आणि वाचाही अशी अडखळली की चार शब्दांतला एक ओळखू यावा. थोडं सावरल्यावर एकदा योगेंद्रनं हौसेनं तो बेस त्यांच्या मांडीवर दिला. जड दांडी डावीकडं कलली, सांभाळायला डावा हात नव्हता, आणि नाना बेससकट खाटेवरून खाली गेले. कपाळाला खोक पडली. त्या दिवशी सुनितानं बेस परत भिंतीवर टांगला आणि हा पुन्हा खाली निघणार नाही असं बजावलं. तिच्या घरात तिचा शब्द शेवटचा असे.

आणि आता तो खाली निघाला होता, तो थेट धुळ्याला!

"बापाचा हात गेला म्हणून त्याचा बेस विकून आलास?" तिनं विचारलं. "तो जिता आहे रे, योगू. जित्या माणसाच्या उशाशी हात घालून वस्तू काढून नेतात का?"

"विकला नही, अक्का. बदलला."

"घाण वाटते मला तुझी."

योगेंद्रचा चेहरा पांढराफटक पडला. त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, खाटेकडं पाहिलं. नाना उजवा हात हलवून त्याला काहीतरी खुणावत होते. तो हात नको, नको म्हणत होता. योगेंद्रनं ओठ मिटले आणि तो बाहेर निघून गेला. बापालाही आपल्या पोराची लाज झाकायची आहे, असं सुनिताला वाटलं आणि तिचं अंतःकरण विदीर्ण झालं.

पुढचे दिवस त्या घरात फार वाईट गेले. तिनं ते पातेलं भंगारात दिलं. योगेंद्रनं भरलेलं पाणी ती पीत नसे, त्यानं आणलेली भाजी तशीच सुकत पडे. रात्री अंथरुणावर पडलं की तिला आठवे, याच पोराला गोवर आला तेव्हा आपण रात्ररात्र मांडीवर घेऊन बसलो होतो... कृतघ्न! तो कारखान्यातून आला की ती त्याच्या बोटांकडं बघतही नसे. तो लहान बेस नानांच्याच खोलीत, दाराआड उभा करून ठेवलेला असायचा. एखाद्या पोराच्या खेळण्याएवढा, आखूड दांडीचा, रंग उडालेला. आपल्या बापाच्या बेसची ही किंमत केली यानं, असं म्हणून ती तोंड फिरवायची.

या छंदी लोकांत एक रीत असते, ती तिला योगेंद्रच्या बोलण्यातून ठाऊक होती. अदलाबदल झाली की वाद्य पुढच्या रविवारपर्यंत घरात ठेवून बघायचं. हाताला रुळलं तर सौदा पक्का, नाही रुळलं तर तोंडातून शब्द न काढता परत न्यायचं, आणि समोरच्यानंही कारण विचारायचं नाही. शनिवारी योगेंद्र कारखान्यात असताना सुनितानं तो लहान बेस कव्हरात घातला. नाना खाटेवरून बघत होते. त्यांच्या घशातून आवाज निघू लागला, उजवा हात पुढं आला. "तुमचाच परत आणते, नाना," असं म्हणून तिनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला, शेजारच्या बेबाबाईला बसायला सांगितलं आणि धुळ्याची एसटी पकडली.

एरंडोल गेलं, पारोळा गेलं. मांडीवरचा तो बेस तिनं दोन बोटांनी धरला होता. रतिलालचं दुकान आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत होतं. लग्नांना लाऊडस्पीकर भाड्यानं देणारा साठीचा माणूस, तोंडात पानाचा तोबरा, गळ्याशी लाल ओघळ. त्याला पाहूनच तिला वाटलं, योगूला याचीच संगत शोभते.

"घरमा रुळना नही का?" रतिलालनं आश्चर्यानं विचारलं. मग रीत आठवून तो आत गेला आणि नानांचा बेस घेऊन आला. पण तिच्या हाती देताना त्याला राहवलं नाही. "अक्का, नानाले इचारं का तुमीन?"

माझ्या बापाला काय विचारायचं ते मी बघते, असं तिनं इतक्या तुटकपणे सांगितलं की त्यानं पान थुंकायच्या निमित्तानं तोंड वळवलं. दोघेही एकाच माळेचे मणी, असं मनात म्हणत ती बसस्टँडकडं निघाली. खांदा मोडून जात होता, पण तिची पावलं हलकी झाली होती.

घरी येऊन तिनं बेस खिळ्यावर टांगला, पदरानं पुसला आणि नानांकडं वळली. नाना रडत होते. गालांवरून धारा लागल्या होत्या. तिनंही डोळ्याला पदर लावला... सुख झालं त्यांना, तिला वाटलं.

तेवढ्यात बेबाबाई चहाचा कप घेऊन आली. भिंतीकडं पाहिलं, दाराआड पाहिलं, आणि तिनं साधेपणानं विचारलं,

"अन् तो लहान बाजा कुठी गया? आज नाना वाजाडतंस नही का?"

"नाना?" सुनिता म्हणाली.

बेबाबाईला नवल वाटलं की हिला कसं ठाऊक नाही. मग तिनं सगळं सांगितलं. तुझी पाळी असली की योगू कारखान्यातून लवकर येतो. खाटेच्या डाव्या अंगाला बसतो. तो लहान बाजा नानांच्या मांडीवर ठेवतो. उजव्या हातानं नाना तारा छेडतात आणि डाव्या हातानं योगू दांडीवर तारा दाबतो. बाप-लेक दोघं मिळून एक माणूस होतात. मोठा बाजा अंगावर येतो, हा लहान पोटाशी नीट बसतो. बदलून आण म्हणून नानांनीच हातानं सांगितलं, आणि तू पुन्हा बंदी घालशील या भीतीनं तुला सांगू नको म्हणूनही त्यांनीच सांगितलं. परवा तर त्यांनी जयंतीचं एक गाणं शेवटपर्यंत वाजवलं, बेबाबाईनं टाळ्या वाजवल्या तेव्हा नाना हसले होते.

नाना हसले होते! वर्षभरात नाना हसलेले सुनितानं पाहिले नव्हते.

ती खाटेच्या पायाशी बसली. त्यांनी पुढं केलेला तो हात... तो हात तिनं कपाळावर हात ठेवून मागं सारला होता. तिनं रतिलालला फोन लावला. तो हळहळला. "आते काय करू, अक्का? नंदुरबारना माणूस वाटच दखी ऱ्हायंता, लगेच ली गया." वाट बघत थांबलेला तो माणूस लहान बेस घेऊन गेलाही होता; सौदा मोडला की वाद्य पुढच्या माणसाचं, हीही रीतच होती.

त्या क्षणी तिला स्वतःची जी किळस आली तशी कुठल्या जखमेचीही कधी आली नव्हती. आपला त्याग, आपला शब्द, आपली ती पवित्र खूण! या सगळ्याच्या ओझ्याखाली तिनं बापाच्या उरल्यासुरल्या हातातलं सुख काढून नेलं होतं, आणि वर त्याचे अश्रू आनंदाचे समजली होती.

योगेंद्र घरी आला तेव्हा ती खाटेच्या पायाशी तशीच बसली होती. त्यानं भिंत पाहिली, दाराआडचा रिकामा कोपरा पाहिला. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नानांचे ओले गाल पुसू लागला.

"मले एकदा सांगायचं होतंस रे," ती म्हणाली.

"तू एकदा इचारायचं होतं, अक्का." तो म्हणाला. "घाण वाटते म्हणालीस. मी लहानपणी अंथरूण खराब करायचो तेव्हा बी तू असं म्हणाली नव्हतीस."

सुनितानं तोंडावर हात घेतला. वर्षानुवर्षं कोंडलेला हुंदका फुटला आणि ती ओक्साबोक्शी रडली. योगेंद्र खाली बसला, त्यानं तिचं डोकं खांद्याशी घेतलं, आणि नाना खाटेवरून उजवा हात लांब करून दोघांच्या केसांपर्यंत पोचायची धडपड करत राहिले.

बऱ्याच वेळानं ती उठली. तोंड धुतलं, पदर खोचला आणि जो बेस खाली काढायला तिनं बंदी घातली होती तो स्वतःच्या हातानं खाली काढला.

"हा मोठा आहे, अक्का," योगेंद्र म्हणाला. "मी तारा दाबतो तेव्हा हा नानांच्या मांडीवरून घसरतो. दोघांच्यानं नही होत."

"तिसऱ्यानं धरायचं कुठं, ते सांग."

ती खाटेवर नानांच्या पाठीशी चढून बसली, त्यांना छातीशी टेकवून घेतलं, दोन्ही हात पुढं काढून त्या लाकडी धोंड्याचा सगळा भार आपल्या मनगटांवर घेतला. योगेंद्र डाव्या अंगाला बसला. अ‍ॅम्प्लिफायरला न जोडलेल्या बेसचा आवाज शेजारच्या खोलीतही जात नाही. पण नानांचं बोट तारेवर पडलं आणि तो सूर लाकडातून, नानांच्या बरगड्यांतून थेट सुनिताच्या छातीत उतरला. एक सूर चुकला. नानांनी थांबून तिच्या हातावर टिचकी मारली, कारण तिचा अंगठा तारेला लागत होता. तिनं अंगठा बाजूला घेतला. मग गाणं पुढं सरकलं, अडखळत, लंगडत, पण सरकलं.

दिवसपाळी सोडून कायमची रात्रपाळी मागायची, म्हणजे दुपारी बेस धरायला घरी राहता येईल, हे तिनं तिथं बसल्या बसल्याच ठरवून टाकलं. कुणाला बोलून दाखवलं नाही.

तिचे हात थरथरू लागलेले योगेंद्रला दिसले. बोटं लाल झाली होती, मनगटाची शीर ताठली होती.

"अक्का, हात भरून आले तुझे. ठेवून दे आता."

"तू तारा दाब," सुनिता म्हणाली. "नानांचं अजून झालं नाही."