शेवटचे पाच मीटर

गॉगलचा नाकावरचा रबर तुटला आणि तलावाच्या जाळीतून आत गेला, म्हणून मासोळी पहिल्यांदा पंपघरात उतरली. सहा वर्षं त्या तलावात पोहूनही त्या जिन्याकडे तिचं कधी लक्ष गेलं नव्हतं.

मासोळी हे नाव दादाने लहानपणी ठेवलेलं, तेच चिकटलं. दिवसभर ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायची आणि सकाळी सहा ते आठ पन्नास मीटर फ्रीस्टाइलचा सराव करायची. वय सव्वीस. सरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "या निवड चाचणीत सत्तावीस सेकंदांच्या आत आलीस तर लेन तुझी. नाहीतर ती मी धाकट्या पोरींना देणार. राग मानू नकोस." तिने राग मानला नव्हता. तिची वेळ सत्तावीस पूर्णांक चार होती, आणि दोन वर्षं तिथेच ठाण मांडून बसली होती.

खाली पंपांची घरघर चालली होती. गमबूट घातलेला एक माणूस गाळणीच्या टोपलीतला कचरा निवडत होता — केसांच्या पिना, एक कानातलं, जखमेवरच्या पट्ट्या. त्यातून त्याने नेमका तिचा रबर उचलून पुढे केला.

"हा ना? लेन तीन."

"मी लेन तीनची, हे कसं कळलं तुम्हाला?"

"पायांवरून," तो म्हणाला, आणि लगेच कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... ते बघा ना तिकडे."

भिंतीत ताटाएवढी गोल काच होती, पाणी गढूळ होतंय का ते बघण्यासाठी बसवलेली. पलीकडे निळं पाणी आणि त्यात सपासप हलणारे पाय.

"सहा महिने रोज बघतोय. शेवटच्या पाच मीटरला तुम्ही डोकं वर काढता. भिंत शोधायला असेल. पण डोकं वर गेलं की कंबर खाली बसते, आणि तिथेच पाणी अडतं."

"तुम्ही पोहता?"

"नाही हो. मी पंप बघतो. पण पाणी कुठे अडतं एवढं कळतं मला."

आला मोठा शहाणा, असं मनात म्हणत ती जिना चढली. दुसऱ्या दिवशी मात्र शेवटच्या पाच मीटरला तिने डोकं पाण्यातच ठेवलं. बोटं भिंतीवर अशी आदळली की दुकानात दिवसभर स्क्रू फिरवताना दुखत होती. पण सरांच्या घड्याळात वेळ दोन दशांशांनी उतरली.

सरांची पद्धत ठरलेली. पंचवीस मीटर जीव तोडून, मग तीन मिनिटं पूर्ण विश्रांती, असं आठ वेळा. दमलेलं शरीर सावकाश पोहायला शिकतं, असं ते म्हणत. मासोळीला ती तीन मिनिटं नकोशी व्हायची. आता ती तेवढ्या वेळात एक बुडी मारून काचेकडे बघू लागली. पलीकडून एक बोट दिसलं की डोकं वर आलं होतं, दोन दिसली की जमलं. एकदा त्याने चक्क हात जोडले. ती पाण्याखालीच हसली आणि नाकात पाणी गेलं.

सराव संपला की काही ना काही निमित्त काढून ती खाली जायची.

"पस्तीस मीटरला उजवीकडे वळून श्वास घेता ना," तो एकदा म्हणाला, "तो श्वास नाही."

"मग काय आहे?"

"शेजारची कुठवर आली ते बघता तुम्ही. शेजारची लेन रिकामी असली की घेतच नाही तो श्वास."

सहा वर्षं सर तिला श्वासाचे व्यायाम देत होते.

"तुम्ही सगळ्यांचं एवढं निरखून बघता?"

"नाही..." तो व्हॉल्व्ह उगाच घट्ट करत म्हणाला. "बाकीच्यांचं नुसतं पाणी बघतो."

घरी वहिनी म्हणाली, "हल्ली क्लोरीनचा वास जरा जास्तच येतो तुला. पोहतेस की टाक्या धुतेस?"

चाचणी दुसऱ्या तलावावर होती. मासोळीला सहावी लेन मिळाली. उडी नीट पडली, बारा मीटर पाण्याखालून गेले. पस्तीसला मान सवयीने वळू पाहत होती. छातीत आग पडली होती. तिने मान वळू दिली नाही. शेवटी तळावरची काळी आडवी रेघ तेवढी दिसली आणि हात भिंतीला लागला.

सव्वीस पूर्णांक एक्क्याण्णव.

"ठीक," सर म्हणाले. त्यांच्या तोंडून हे खूप होतं.

वहिनी धापा टाकत गॅलरीतून खाली आली. "अगं, माझ्या शेजारी एक इस्त्रीचा शर्ट बसला होता, पाचव्या लेनसाठी घसा फोडत होता! पाचवी शेवटून दुसरी आली तरी टाळ्या!"

तो शर्ट तिच्या मागेच उभा होता. गमबुटांशिवाय त्याला ओळखायला मासोळीला क्षणभर वेळ लागला.

"वरून सगळ्या सारख्याच दिसतात," तो म्हणाला.

वहिनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पाण्याची बाटली आणायला निघून गेली. एक बाटली तिच्या हातात होतीच.

दोघं बाहेरच्या पायरीवर बसले.

"मला पत्र आलंय," तो म्हणाला. "दुसऱ्या शहराच्या पाणीपुरवठ्यात. कायमची नोकरी. पहिल्या तारखेला हजर व्हायचंय. रेल्वेने नऊ तास."

मासोळी टोपी पिळत राहिली. आज लेन गेली असती तर सोपं झालं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"कधी सांगणार होतात?"

"चाचणी झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर पस्तीस मीटरला पुन्हा बाजूला बघितलं असतं तुम्ही."

"फार विश्वास आहे हो स्वतःवर."

"विश्वास कसला... नुसती आशा." मग जरा थांबून, "तिथे दोन तलाव आहेत. चौकशी केली मी. एकाचं पाणी चांगलं आहे."

"मी हा हंगाम इथेच पोहणार," ती म्हणाली. "दहा महिने. लेन सोडणार नाही."

"सोडूच नका."

आत पुढच्या शर्यतीची शिट्टी झाली. गेले चार महिने ती त्याला अहो-जाहोच करत आली होती.

"तोवर थांबशील?" तिने विचारलं.

काय बदललं ते त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तो हसला नाही, जवळ सरकला नाही. फक्त हातातला रुमाल दोनदा घडी घालून खिशात ठेवला.

"थांबेन," तो म्हणाला. "पण फोन उचलत जा... तू." ते तू त्याने वेगळं, शेवटी लावलं — नवा नळ गळत नाही ना, हे बघावं तसं.

आतून वहिनी हाका मारत होती. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.