न उठलेली बैठक

"डॉक्टरांनी जिना चढू नको म्हणून बजावलंय, आणि तू मोहोळला निघालीस?" सिद्धांतनं गाडीची किल्ली मुठीत आवळली. "वाटेत काही झालं तर मी काय करू, आई?"

"तूच ने की मग," म्हणत सोनाबाईंनी चपला घातल्या. हृदय निम्मंच चालत होतं, पण निवृत्त नर्स त्या. ऐकतात होय कुणाचं! गेले तीन रविवार शांत बसल्या की आतून एकच यायचं: जा, बैठक उठव.

सोनाबाई क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या. त्यांच्यात ना पाद्री, ना गाणी. गोल बसायचं, डोळे मिटायचे, आतून शब्द आला तरच बोलायचं. शेवटी ज्येष्ठ माणूस शेजाऱ्याशी हात मिळवतो, मग सगळेच मिळवतात, तेव्हा बैठक उठते. दोन वर्षांपूर्वी मोहोळला मीनाबाईंच्या घरी, वरच्या खोलीत, भर बैठकीत सोनाबाई कोसळल्या. धावपळ, रिक्षा, दवाखाना. हात मिळवायचं राहूनच गेलं. मीनाबाईंचे यजमान हणमंतराव तिथले ज्येष्ठ. यंत्रमागात उजव्या हाताची दोन बोटं गेलेला भला माणूस. पुढं महिन्याभरात तेही वारले. अर्धवट बैठकीवर दुसरी कशी भरवणार?

सिद्धांतला हे सगळं खूळ वाटायचं. त्या घरी तो कधी गेलाही नव्हता.

"आलासा व्हय! लई वाट बघितली," मीनाबाई दारातच म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "वरच्या खोलीत तवापासनं बोलायलाच येत न्हाय कुणाला. पंखा दुरुस्त करणारा आला, त्योबी गुमान दार लावून गेला. मी झाडायलाबी गेली न्हाय."

चौदा पायऱ्या. सोनाबाई चार ठिकाणी थांबल्या. सिद्धांतनं दंड धरला होता. राग कधीच गेला होता, नुसती भीती उरली होती.

खाली महामार्गावर ट्रक धडधडत होते. उंबरा ओलांडला आणि आवाज थांबला. सहा खुर्च्या गोल मांडलेल्या, पाचांवर जाड धूळ. सहावी स्वच्छ होती.

दोघी शेजारी शेजारी बसल्या. सिद्धांत समोर, त्या स्वच्छ खुर्चीशेजारी. तिघांनी डोळे मिटले.

सोनाबाईंच्या छातीतली धडधड हळूहळू निवाली.

समोर एक खुर्ची करकरली.

मीनाबाईंचा हात सोनाबाईंच्या हातात आला.

आणि खाली हॉर्न वाजला, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मीनाबाई मोठ्यांदा रडल्या, मग हसल्या. "फुडल्या रविवारी बसायचं?"

"बसायचं की!" सोनाबाई जिना एकदाही न थांबता उतरल्या.

परतताना सिद्धांत डाव्या हातानंच गाडी चालवत होता. उजवा हात राहून राहून पँटला पुसत होता.

"आई, तुम्ही दोघी तर समोर होतात ना?"

"हो."

"मग माझा हात कुणी धरला? चांगला ऊबदार होता गं," तो म्हणाला. "फक्त दोन बोटं नव्हती त्याला."